मोने यांचा झेंड्यांचा रस्ता, ३० जून १८७८ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लोद मोने यांच्या ‘रू माँतोर्गय’ या चित्रावर मी रसग्रहणाच्या वर्गांत अनेक वर्षे बोलत आलो आहे. प्रत्येक वर्गानंतर पत्रांतून आणि संदेशांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखाद्या मुद्द्याचे विवेचन दुसऱ्या उत्तरात आले असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. झेंड्यांनी भरलेल्या रस्त्याचे हे चित्र नेमके कोणते? ते कोणी काढले आणि सध्या कुठे आहे?

चित्राचे पूर्ण नाव मराठीत ‘पॅरिसमधील रू माँतोर्गय, ३० जून १८७८ चा उत्सव’ असे होईल. चित्रकार क्लोद मोने. माध्यम कॅनव्हासवरील तैलरंग. उंची ८१ सेंटिमीटर आणि रुंदी ५० सेंटिमीटर, म्हणजे ते उभे आणि बरेच अरुंद आहे. १९८२ पासून ते फ्रान्सच्या राष्ट्रीय संग्रहात असून पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात पाहायला मिळते. वारसा कराच्या रकमेऐवजी कलाकृती सरकारजमा करण्याची जी सोय फ्रेंच कायद्यात आहे, त्या मार्गाने ते तेथे आले.

मोने ज्या चळवळीचे प्रमुख चित्रकार होते, तिला मराठीत ‘दृक्‌प्रत्ययवाद’ असा शब्द आहे. बोलताना बहुतेक जण ‘इम्प्रेशनिझम’ म्हणतात आणि मीही वर्गात तोच शब्द वापरतो. तरीही मराठी शब्दात डोळ्यांना येणाऱ्या प्रत्ययाचा जो निर्देश आहे, तो या चित्राच्या बाबतीत विशेष नेमका ठरतो.

२. ‘माँतोर्गय’ हा उच्चार बरोबर आहे का? आणि ‘रू’ म्हणजे काय?

‘रू’ म्हणजे रस्ता, त्यामुळे ‘रू माँतोर्गय रस्ता’ असे म्हणण्याची गरज नाही. फ्रेंच उच्चार देवनागरीत तंतोतंत उतरत नाही. ‘माँतोर्गय’ हा त्यातल्या त्यात जवळचा आहे. मुळातली अक्षरे पाहून ‘मॉन्टोर्ग्युइल’ असे वाचले जाते, ते टाळावे.

३. हे चित्र १४ जुलैच्या, म्हणजे बास्तीय दिनाच्या उत्सवाचे आहे ना?

नाही. सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच आहे आणि कितीतरी कॅलेंडरांवर व भेटकार्डांवर हीच चूक छापली जाते. १८७८ मध्ये १४ जुलै हा फ्रान्सचा राष्ट्रीय सण नव्हता. ६ जुलै १८८० च्या कायद्याने तो राष्ट्रीय सण ठरला आणि त्याच वर्षी तो त्या नात्याने पहिल्यांदा साजरा झाला. मोने यांचे चित्र त्याच्या दोन वर्षे आधीचे आहे.

ही केवळ तारखेची बारीकशी दुरुस्ती समजू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. १४ जुलै म्हटले की दरवर्षी येणारा, ठरलेल्या पद्धतीने साजरा होणारा सण डोळ्यांसमोर येतो. ३० जून १८७८ चा उत्सव पहिलाच होता आणि त्या रूपात एकदाच झाला. त्या दिवशी खिडकीबाहेर झेंडा लावणाऱ्या माणसाला पुढच्या वर्षी हा दिवस असेल की नाही, हे ठाऊक नव्हते. चित्रातल्या त्या उतावळ्या, एकमेकांवर आदळणाऱ्या रंगांकडे ही गोष्ट मनात ठेवून पाहिले, तर त्यांचा अर्थ बदलतो.

४. मग ३० जून १८७८ रोजी पॅरिसमध्ये कशाचा उत्सव होता?

सरकारने त्या दिवसाला ‘शांतता आणि श्रम’ यांचा उत्सव असे नाव दिले होते. त्या वर्षी १ मे रोजी पॅरिसमध्ये तिसरे जागतिक प्रदर्शन सुरू झाले होते. त्रोकादेरोचा राजवाडा त्यासाठीच बांधला होता आणि पुढे न्यूयॉर्कला गेलेल्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचे मस्तक तेथे लोकांना पाहण्यासाठी मांडले होते. ३० जूनचा उत्सव या प्रदर्शनाच्या निमित्ताने जाहीर झाला. तो रविवार होता.

या उत्सवाचे मोल कळण्यासाठी आठ वर्षे मागे जावे लागते. १८७० मध्ये प्रशियाशी झालेल्या युद्धात फ्रान्सचा दारुण पराभव झाला. सप्टेंबर १८७० ते जानेवारी १८७१ पॅरिसला वेढा पडला होता आणि शहरात लोकांनी उंदीर खाऊन दिवस काढले. आल्सास आणि लॉरेनचा काही भाग गेला, वर ५ अब्ज फ्रँकांची खंडणी बसली. १८७१ च्या वसंतात पॅरिस कम्यूनचा, म्हणजे शहराची सत्ता स्वतःच्या हाती घेणाऱ्या नागरिकांचा, उठाव झाला आणि मे महिन्यात फ्रेंच सैन्यानेच तो शहराच्या रस्त्यांवर रक्तात बुडवला. याच रस्त्यांवर, याच खिडक्यांतून, सात वर्षांनी झेंडे फडकत होते.

यात आणखी एक गुंता आहे, जो चित्र पाहताना सहज निसटतो. निळा, पांढरा आणि लाल हा झेंडाच त्या दशकात वादाचा विषय होता. राजेशाहीवाद्यांचा गादीचा दावेदार शाँबोर याने हा क्रांतीचा झेंडा स्वीकारायला नकार दिला होता. त्याला आपल्या पूर्वजांचा पांढरा झेंडा हवा होता आणि राजेशाही परत न येण्यामागे हा हट्ट हे एक मोठे कारण ठरले. अध्यक्षपदी बसलेले मार्शल माकमाऑँ मनाने राजेशाहीकडे झुकलेले होते. मे १८७७ मध्ये त्यांनी प्रजासत्ताकवादी पंतप्रधानांना दूर केले, प्रतिनिधिगृह बरखास्त करवले, आणि ऑक्टोबरच्या निवडणुकीत मतदारांनी पुन्हा प्रजासत्ताकवाद्यांनाच निवडून दिले. म्हणजे ३० जून १८७८ रोजी देशात प्रजासत्ताक होते आणि ते टिकावे अशी फारशी इच्छा नसलेला अध्यक्षही होता. ‘शांतता आणि श्रम’ हे नाव इतके निरुपद्रवी का, हे यावरून लक्षात येईल. कोणाही पक्षाला त्याला उघड विरोध करता आला नसता. लोकांनी मात्र त्या दिवशी तिरंगी झेंडे इतक्या संख्येने लावले की आपला कौल त्यांनी खिडक्याखिडक्यांतून सांगितला, असे म्हणावे लागते. जानेवारी १८७९ मध्ये माकमाऑँ पायउतार झाले, फेब्रुवारीत ‘ला मार्सेयेज’ राष्ट्रगीत झाले आणि पुढच्या वर्षी १४ जुलैचा कायदा आला (प्रश्न ३).

५. मोने गर्दीत उभे राहून रंगवत होते का? दृश्य तर उंचावरून दिसते.

ते गर्दीच्या वर, एका घराच्या सज्जात होते. उतारवयात भेटीला आलेल्या रने जँपेल या कलाविक्रेत्याला त्यांनी तो प्रसंग सांगितला होता. त्यांना झेंड्यांची फार आवड होती. त्या दिवशी रंगसामान घेऊन ते रू माँतोर्गयमधून चालले होते, रस्ता झेंड्यांनी सजला होता आणि माणसांची झुंबड उडाली होती. त्यांना एक सज्जा दिसला. ते जिना चढून वर गेले, घरमालकांकडे तेथून चित्र काढण्याची परवानगी मागितली, ती मिळाली, आणि काम झाल्यावर आपण कोण हे कोणाला कळू न देता ते खाली उतरले.

ओळख लपवावी लागण्याइतके ते तेव्हा प्रसिद्धही नव्हते, आणि त्या वर्षी त्यांची परिस्थिती बिकट होती. जानेवारीत त्यांनी आर्जाँतयचे घर सोडले होते. पॅरिसमध्ये सँ-लाझार स्थानकाजवळच्या रू देदँबूर या रस्त्यावर ते भाड्याने राहत होते. मार्चमध्ये दुसरा मुलगा मिशेल जन्मला आणि पत्नी कामीय आजारी होती. त्यांचे मोठे आश्रयदाते एर्नेस्त ओशदे यांचे दिवाळे निघाले होते आणि ३० जूनच्या काही आठवडेच आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, ओशदे यांचा चित्रसंग्रह लिलावात गेला. ज्या चित्रावरून चळवळीला नाव पडले, ते ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ ओशदे यांनी १८७४ मध्ये ८०० फ्रँकांना घेतले होते. या लिलावात ते २१० फ्रँकांना गेले. उन्हाळा संपण्याच्या सुमारास मोने कुटुंब वेतय या खेड्यात राहायला गेले आणि ५ सप्टेंबर १८७९ रोजी कामीयचे तेथे निधन झाले.

हे सारे चित्रात कुठेही दिसत नाही, आणि ते दिसावे अशी अपेक्षाही मी करत नाही. परंतु घरात दुखणे आणि डोक्यावर कर्ज असलेला माणूस लोकांचा आनंद पाहून अनोळखी घराचा जिना चढतो, ही गोष्ट मला या चित्रापासून वेगळी काढता येत नाही.

रस्त्याची निवडही लक्ष देण्याजोगी आहे. मोने राहत होते तो भाग नव्या, रुंद, आखीव रस्त्यांचा होता. झेंडे रंगवण्यासाठी ते ले आल या मोठ्या बाजारालगतच्या जुन्या, दाट वस्तीत गेले. समुद्रावरून येणारी मासळी आणि कालवे याच वाटेने पॅरिसच्या बाजारात येत असत. रस्ता अरुंद असल्यामुळे दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतले झेंडे एकमेकांना जवळजवळ भिडतात आणि घरांच्या भिंती त्यांच्यामागे नाहीशा होतात. रुंद बुल्वारवर हे घडले नसते. तेथे झेंडे इमारतींची सजावट होऊन राहिले असते.

६. चित्रात माणसे नीट दिसतच नाहीत. ते अपूर्ण आहे का?

चित्र पूर्ण आहे. माणसे खालच्या भागात आहेत: काळ्या, करड्या रंगाचे आखूड फटकारे, एकमेकांना चिकटलेले, मध्येच एखादा फिका ठिपका. चेहरा एकाचाही नाही. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरून गर्दी पाहताना आपल्याला चेहरे दिसत नाहीत, डोक्यांचा एक हलणारा थर दिसतो. गणेशविसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावरच्या एखाद्या गॅलरीतून ज्यांनी खाली पाहिले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

ही शंका त्या काळीही घेतली गेली होती. मोने यांनी यापूर्वी छायाचित्रकार नादार यांच्या स्टुडिओतून ‘बुल्वार दे काप्युसीन’ हा रस्ता असाच वरून रंगवला होता. इम्प्रेशनिस्ट चित्रकारांच्या १८७४ च्या पहिल्या प्रदर्शनात तो पाहून लुई लर्वा या समीक्षकाने त्यातल्या पादचाऱ्यांची, जिभेने चाटून उमटवलेले काळे डाग अशी टवाळी केली होती. चार वर्षांनी मोने यांनी तीच रीत सोडली तर नाहीच, उलट ती आणखी पुढे नेली. १८७९ च्या चौथ्या प्रदर्शनात झेंड्यांची चित्रे मांडताना त्यांच्या शीर्षकात ३० जून ही तारीख त्यांनी आवर्जून ठेवली.

७. झेंडे इतके जिवंत, हलते कसे वाटतात? जवळून पाहिल्यावर तेथे काय दिसते?

कॅनव्हासपासून हातभर अंतरावर उभे राहिले, तर झेंडे दिसेनासे होतात आणि रंगाचे फटकारे उरतात. जवळच्या एखाद्या झेंड्यात निळ्याचे दोनतीन, पांढऱ्याचे एकदोन आणि लालाचे दोनतीन जाड पट्टे असतात. ते एकमेकांना समांतर नसतात; वाऱ्याने कापड जसे मुरडते, तसे प्रत्येकाचे वळण निराळे असते. काही ठिकाणी लाल रंग ओल्या पांढऱ्यावरून ओढला गेल्यामुळे कडेला गुलाबी झाला आहे. रस्त्याच्या मध्यापर्यंत नजर गेली की प्रत्येक रंगाला एकेकच फटकारा उरतो, आणि अगदी टोकाला तर निळे, पांढरे, लाल ठिपके एकमेकांत मिसळून नुसता थरथरता पडदा होतो. रस्त्याची खोली रेषांनी आखून दाखवलेली नाही. फटकारे लहान होत जातात आणि तेवढ्यानेच रस्ता दूरवर जातो.

त्यात पांढऱ्याकडे मुद्दाम पाहावे. सगळे पांढरे सारखे नाहीत: उन्हातले कापड किंचित पिवळसर आहे आणि सावलीतले निळसर. वर दोन्ही बाजूंच्या इमारतींमध्ये अडकलेली आकाशाची पाचर आहे, तिच्यातही निळा आणि पांढरा हेच रंग आहेत. लाल तेवढा आकाशात नाही. त्यामुळे डोळा चित्रात शिरतो तो लाल रंगाच्या ठिकऱ्यांवर पाय ठेवत, एका झेंड्यावरून दुसऱ्यावर.

शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना अधिक तीव्र करतात, हा नियम शव्हरल या रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये मांडला होता आणि त्या पिढीचे चित्रकार तो जाणत होते. साधनांचाही वाटा मोठा होता. १८४१ मध्ये कथलाची पिळता येणारी रंगाची नळी निघाली, आणि तयार रंग पिशवीत टाकून जिना चढणे शक्य झाले. रंग घरी खलून, भांड्यात भरून नेणाऱ्या चित्रकाराला ३० जूनचा सज्जा मिळूनही उपयोग झाला नसता.

माझे स्वतःचे मत असे आहे की मोने यांना झेंडा आवडला, कारण तो आधीच त्यांच्या फटकाऱ्यासारखा होता: शुद्ध रंगाचा एक आखूड, हलता पट्टा. ही आवड जुनीही होती. १८६७ मध्ये सँतादरेस येथे रंगवलेल्या समुद्रकाठच्या गच्चीच्या चित्रातही दोन उंच झेंडे वाऱ्यावर फडकताना दिसतात.

८. असेच दुसरे चित्र मी पाहिले आहे, त्यात झेंडे जास्त मोठे आहेत आणि काही अक्षरेही आहेत. ती नक्कल आहे का?

नक्कल नाही. ते ‘रू सँ-दनी, ३० जून १८७८ चा उत्सव’ हे मोने यांचेच चित्र आहे आणि ते रुआँ शहराच्या ललितकला संग्रहालयात आहे. रू सँ-दनी हा रू माँतोर्गयच्या जवळचाच रस्ता. रुआँचे उद्योजक फ्रांस्वा दपो यांनी १९०९ मध्ये आपला संग्रह त्या संग्रहालयाला दिला, त्यात हे चित्र होते.

दोन्ही चित्रे एकाच दिवसाची असली, तरी स्वभाव निराळा आहे. रुआँच्या चित्रात रंग अधिक रांगडेपणाने लावला आहे आणि इमारती जवळजवळ विरघळून गेल्या आहेत. त्यात कापडावरची अक्षरे वाचता येतात. ‘व्हिव्ह ला रेप’ एवढ्यावर एक घोषणा तुटते. ‘प्रजासत्ताक चिरायू होवो’ अशी ती पुरी होते. प्रश्न ४ मध्ये सांगितलेले राजकारण लक्षात घेतले, तर हे अर्धे वाक्य साधे नाही. दोन चित्रांपैकी एकच पाहायला मिळणार असेल, तर मी रुआँचे निवडेन. बहुतेक अभ्यासक माँतोर्गयला पहिला मान देतात आणि त्याचा तोल अधिक सुरेख आहे, हे मला मान्य आहे.

९. माने यांनीही झेंड्यांचा रस्ता काढला आहे ना? मोने आणि माने यांची गल्लत कशी टाळावी?

हो. एद्वार माने हे वेगळे चित्रकार, मोने यांच्याहून आठ वर्षांनी मोठे आणि त्यांना अडचणीत मदत करणारे मित्र. त्याच १८७८ साली, त्याच उत्सवाच्या निमित्ताने त्यांनी ‘झेंड्यांनी सजलेला रू मोस्निए’ रंगवला. तो आता लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे. संग्रहालयाने तो १९८९ मध्ये २ कोटी ६४ लाख डॉलरांना घेतला. रू मोस्निएला आता रू द बेर्न म्हणतात. माने यांच्या स्टुडिओच्या खिडकीतून तो समोरच दिसत असे.

हे चित्र आडवे आहे आणि त्यातला रस्ता जवळजवळ रिकामा आहे. झेंडे आहेत, ऊन आहे, उभ्या बग्ग्या आहेत. डाव्या बाजूला, आपल्याकडे पाठ करून, एक माणूस कुबड्यांवर चालला आहे. त्याला एकच पाय आहे. अंगात निळा सदरा आहे. तो युद्धात पाय गमावलेला सैनिक असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. बाजूच्या कुंपणाआड मोकळी पडलेली, राडारोडा असलेली जागा आहे.

या दोन दृष्टींमागे दोन आयुष्ये आहेत. वेढ्याच्या काळात माने पॅरिसमध्येच राहिले आणि नॅशनल गार्ड या नागरिकांच्या सैन्यदलात त्यांनी सेवा केली. मोने कुटुंबासह लंडनला गेले होते, तेथून हॉलंडमार्गे १८७१ च्या शरदात परतले. त्यांचा जिवलग चित्रकार मित्र फ्रेदेरिक बाझीय २८ नोव्हेंबर १८७० रोजी लढाईत मारला गेला. म्हणून माने यांनी युद्धाची आठवण ठेवली आणि मोने विसरले, असा सरळ निवाडा करणाऱ्यांशी मी सहमत नाही. एकाने शांततेची किंमत रंगवली. दुसऱ्याने ती किंमत मोजलेल्या लोकांना रस्त्यावर उतरून श्वास घेताना रंगवले.

१०. मग मोने यांचे चित्र म्हणजे सरकारी उत्सवाचा प्रचार झाला, असे म्हणता येईल का?

ते कोणी काम म्हणून सांगितले नव्हते आणि सरकारने विकतही घेतले नव्हते. सरकारी समारंभ, पाहुणे, भाषणे यांपैकी त्यात काही नाही. बाजाराच्या रस्त्यावरची घरे आणि त्यांच्या खिडक्या आहेत. तरीही त्यात राजकारण नाही असेही म्हणता येणार नाही, कारण त्या वर्षी झेंडा निवडणे हीच भूमिका होती (प्रश्न ४). मोने यांनी राष्ट्रीय उत्सव हा विषय पुढे पुन्हा हाती घेतला नाही. त्यावरून मला वाटते की त्यांना खेचून नेले ते त्या दिवसाने, कार्यक्रमपत्रिकेने नव्हे.

११. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या कार्यालयात लावलेले झेंड्यांचे चित्र हेच का?

ते चाइल्ड हॅसम या अमेरिकन चित्रकाराचे ‘पावसातला अ‍ॅव्हेन्यू’ आहे, १९१७ सालचे, न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूचे. ते व्हाइट हाउसच्या संग्रहात आहे आणि एकाहून अधिक अध्यक्षांनी ते ओव्हल ऑफिसमध्ये लावले. हॅसम १८८६ ते १८८९ पॅरिसमध्ये शिकत होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ पासून, त्यांनी झेंड्यांच्या रस्त्यांची सुमारे ३० चित्रे केली. मोने यांच्याशी त्यांचे नाते स्पष्ट आहे, पण तेथला झेंडा युद्धात उतरू पाहणाऱ्या देशाचा आहे आणि मोने यांचा युद्धातून बाहेर पडलेल्या देशाचा.

मोने ज्या बंदराच्या गावात वाढले, त्या ल हाव्ह्रमध्ये १९०६ साली आल्बेर मार्के आणि राऊल ड्युफी यांनीही झेंड्यांनी सजलेले रस्ते रंगवले. ती मात्र खरोखर १४ जुलैची चित्रे आहेत.

१२. त्या जागतिक प्रदर्शनाचा भारताशी किंवा महाराष्ट्राशी काही संबंध होता का?

होता. प्रदर्शनातल्या ब्रिटिश भारताच्या दालनात, इंग्लंडच्या युवराजांना १८७५-७६ च्या भारतभेटीत मिळालेल्या भेटवस्तू मांडल्या होत्या. त्या दालनाची मार्गदर्शक पुस्तिका जॉर्ज बर्डवुड यांनी लिहिली. त्यांचा जन्म १८३२ मध्ये बेळगावचा. ते मुंबईत डॉक्टर होते आणि आज डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणून आपण ज्याला ओळखतो, त्याच्या उभारणीत डॉ. भाऊ दाजींसह त्यांचा मोठा वाटा होता. मोने यांच्या चित्राशी याचा थेट धागा नाही. त्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये जमलेल्या जगात हिंदुस्थानचाही एक कोपरा होता, एवढेच यातून म्हणता येते.

१३. मी चित्रकला शिक्षिका आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या मुलांना स्मरणचित्रात गर्दी आणि पताका जमत नाहीत. या चित्राचा उपयोग होईल का?

फार चांगला होईल. मुले आधी एकेक माणूस डोळे-नाकासह काढतात आणि मग त्यांची रांग लावतात. त्यामुळे मिरवणुकीत चार माणसे दिसतात आणि वेळ संपतो. त्यांना हे चित्र दाखवून गर्दी हा आधी एकच आकार म्हणून लावायला सांगावे: गडद, सलग, कडा मात्र तुटक. मग त्यात कोठे रस्ता दिसावा यासाठी दोनतीन फिक्या जागा सोडाव्यात आणि अगदी पुढच्या चार-पाच आकृत्यांनाच डोके व खांदे द्यावेत.

पताकांसाठी चपटा ब्रश घ्यावा. एका रंगाला एक फटकारा, आणि पुन्हा त्यावर ब्रश फिरवायचा नाही. जवळच्या पताका ब्रशच्या पूर्ण रुंदीने, दूरच्या नुसत्या टोकाने. वारा एकाच दिशेचा असावा, मुरड मात्र प्रत्येकीची निराळी. पोस्टर रंगात पांढरा शेवटी लावता येतो. जलरंगात त्या जागा आधीच कोऱ्या राखाव्या लागतात, हे मुलांना आधीच बजावावे. झेंडा आपला तिरंगा असेल, तर केशरी पट्टा वर आणि पट्टे आडवे, हे विसरू देऊ नये. फ्रेंच झेंड्याचे पट्टे उभे असल्यामुळे पाहून काढणारी मुले हमखास चुकतात.

१४. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर हे चित्र वापरायचे आहे. परवानगी लागते का? आणि भिंतीवर लावण्यासाठी छापील प्रत घेताना काय पाहावे?

मोने यांचे निधन ५ डिसेंबर १९२६ रोजी झाले. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे आणि फ्रान्समध्ये ७० वर्षे हक्क राहतो. दोन्ही मुदती कधीच संपल्या आहेत. अडचण येते ती छायाचित्राची. संग्रहालयाने किंवा छायाचित्रसंस्थेने पुरवलेली प्रतिमा वापरताना त्यांच्या अटी लागू असू शकतात, म्हणून प्रतिमा कोठून घेतली याची नोंद ठेवावी आणि तेथील अटी वाचाव्यात. ही सवलत याच पानावरच्या प्रत्येक चित्राला सरसकट लावू नये: ड्युफी १९५३ पर्यंत हयात होते, त्यामुळे त्यांच्या चित्रांची मुदत वेगळी मोजावी लागते.

छापील प्रत घेताना पहिल्यांदा प्रमाण मोजावे. मूळ चित्राची उंची रुंदीच्या सव्वापट नसून दीडपटीहून जास्त आहे. बाजारातल्या तयार चौकटीत बसवण्यासाठी वरचे आकाश किंवा खालची गर्दी कापलेली प्रत मी कितीदा तरी पाहिली आहे. अशा प्रतीत रस्त्याची खोलीच नाहीशी होते. दुसरे म्हणजे पांढऱ्याकडे पाहावे. सगळे झेंडे सारखेच शुभ्र दिसत असतील, तर ती प्रत घेऊ नये. कारण प्रश्न ७ मध्ये आले आहे.

१५. पॅरिसला जाणार आहोत. चित्र आणि तो रस्ता, दोन्ही पाहता येईल का? आज तेथे तसेच झेंडे असतात का?

दोन्ही पाहता येतील. ओर्से संग्रहालय सोमवारी बंद असते. चित्रे अधूनमधून अन्यत्र प्रदर्शनांना जातात, म्हणून निघण्यापूर्वी ते दालनात आहे ना, याची खात्री करून घ्यावी. रुआँला जायचे असेल, तर सँ-लाझार स्थानकावरून रेल्वेने सुमारे दीड तास लागतो आणि तेथले संग्रहालय मंगळवारी बंद असते. सँ-लाझारचे छप्पर आणि वाफ मोने यांनी १८७७ मध्ये वारंवार रंगवली होती, हे गाडीची वाट पाहताना आठवावे.

रू माँतोर्गय आजही बाजाराचा, खाण्यापिण्याचा रस्ता आहे आणि त्यावर मुख्यतः पायीच फिरता येते. जवळचे मेट्रो स्थानक एतिएन मार्सेल. ५१ क्रमांकाला स्तोरेर हे १७३० मध्ये सुरू झालेले मिठाईचे दुकान आहे; मोने त्या दिवशी तेथून चालले तेव्हाही ते जवळजवळ दीडशे वर्षांचे होते. चित्रातल्यासारखे झेंडे मात्र एरवी दिसणार नाहीत, आणि रस्त्यावर उभे राहून ते दृश्य मिळणारही नाही, कारण ते सज्जातले आहे.

संग्रहालयात चित्रासमोर उभे राहताना आधी पाचसहा पावलांवरून पाहावे, मग रखवालदार हटकणार नाही इतके जवळ जावे, आणि तोंड चित्राकडेच ठेवून हळूहळू मागे यावे. मी तसे केले तेव्हा तिसऱ्या पावलाला ठिपक्यांची माणसे झाली, आणि चौथ्याला, उजवीकडच्या एका लाल फटकाऱ्याचे कापड होऊन ते हलले.